अशुरबानिपाल : बोरू आणि बेडी

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत अश्शूरच्या अशुरबानिपाल राजाची ओळख बहुधा एकाच ओळींत करून दिलेली असते : प्राचीन जगांतील पहिलें मोठें ग्रंथालय जमविणारा विद्वान् राजा. ही ओळ आपले विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेंत लिहितात आणि तिच्याबद्दल गुणही मिळवितात. ती खोटी नाहीं. परंतु ती अर्धी आहे. आणि जो भाग गाळला जातो तो विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे, असें माझें मत आहे. तें येथें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

शास्त्राच्या तासाला ज्यांनीं बायबल वाचलें आहे त्यांना अश्शूर हें नांव नवें नाहीं. यरुशलेमेवर चालून जाणारा सन्हेरीब, योनाच्या गोष्टींतलें निनवे नगर, त्याच निनवेच्या नाशाचें भाकीत करणारा नहूम, हीं सर्व नांवें परिचयाचीं आहेत. अशुरबानिपाल हा ह्या सन्हेरिबाचा नातू व एसरहद्दोनाचा मुलगा. एज्राच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत शोमरोनच्या नगरांत परमुलुखांतील लोक आणून वसविणाऱ्या ज्या थोर राजाचा उल्लेख आहे तो हाच, असें बहुतेक विद्वान् मानतात. उलट अशुरबानिपालाच्या मिसरच्या स्वारींत ज्या मांडलिकांना सैन्यासह सामील व्हावें लागलें त्यांच्या यादींत यहूदाच्या मनश्शे राजाचें नांव कोरलेलें आहे.

तो बापाचा थोरला मुलगा नव्हता. तरीही इ. स. पू. ६७२ मध्यें एसरहद्दोनानें सर्व सरदारांना व मांडलिकांना एकत्र बोलावून त्यांच्याकडून शपथा घेतल्या आणि आपल्या मागें अश्शूरचें सिंहासन अशुरबानिपालास व बाबेलचें सिंहासन त्याचा भाऊ शमश-शुम-उकीन ह्यास द्यावें असें ठरविलें. ही वांटणी बापाला फार शहाणपणाची वाटली असावी. घरांत जमिनीच्या वांटण्या होतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना तिचा पुढचा प्रकार निराळा सांगावयास नको.

ह्या राजपुत्राचें शिक्षण मात्र खरोखरीच असामान्य होतें. बलासी नांवाचा नामांकित ज्योतिषी त्याचा गुरु होता. धनुष्य ओढणें, रथ हांकणें, ढाल धरणें हें तर राजपुत्राला आलेंच पाहिजे. पण अशुरबानिपाल आपल्या लेखांत अभिमानानें सांगतो कीं, आपण लिपिकाराची सारी विद्या शिकलों, गुणाकार-भागाकाराचीं अवघड उदाहरणें सोडविलीं, कोणाला न उलगडणारे जुन्या सुमेरी भाषेंतले लेख वाचले, इतकेंच नव्हे तर जलप्रलयाच्या पूर्वींचे शिलालेखही तपासले. शेवटच्या वाक्यांत राजेलोकांची अतिशयोक्ति आहे हें उघड आहे. परंतु बाकीच्याला आधार आहे. निनवेच्या राजवाड्यांतील शिकारीच्या शिल्पांत सिंहाच्या अंगावर जातांनाही त्याच्या कमरपट्ट्यांत लिहिण्याचा बोरू खोवलेला दिसतो. तलवारीबरोबर बोरूही बाळगणारा राजा आपल्याला दाखवावा, अशी त्याची इच्छा होती. असा हट्ट धरणारे राजे इतिहासांत फार नाहींत.

विद्येचा हा दबदबा सबंध घरांत होता असें दिसतें. एसरहद्दोनाची मुलगी शेरुआ-एतेरत हिनें आपली भावजय, म्हणजे अशुरबानिपालाची पत्नी लिब्बाली-शर्रात, हिला लिहिलेलें एक लहानसें पत्र सांपडलें आहे. तूं आपली पाटी कां लिहीत नाहींस, धडा कां म्हणून दाखवीत नाहींस, अशानें लोक आपल्या घराण्याला काय म्हणतील, असा त्या पत्राचा रोख आहे. नणंदेनें भावजयीला अभ्यासावरून टोमणा मारावा आणि तो टोमणा सव्वीसशें वर्षें मातींत जपून राहावा, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. आमच्या मुलींनीं हें पत्र अवश्य ध्यानांत ठेवावें. लिब्बाली-शर्रात पुढें राणी झाली, आणि तिची गांठ आपल्याला पुन्हां पडणार आहे.

आतां त्या प्रसिद्ध ग्रंथसंग्रहाकडे वळूं. हे ग्रंथ म्हणजे ओल्या मातीच्या पाट्यांवर बोरूनें टोंचून लिहिलेले कीलाकार लिपींतील लेख. राजानें बोर्सिप्पासारख्या बाबेलच्या मुलखांतील विद्येच्या गांवीं हुकूम धाडले कीं, देवळांतून व पंडितांच्या घरांतून दुर्मिळ पाट्या शोधून आमच्याकडे पाठवाव्या. निनवेंत त्यांच्या सुवाच्य नकला होत. शेवटीं राजाचें नांव घालून, ही प्रत आपण मूळाशीं ताडून पाहिली व आपल्या वाचनासाठीं राजवाड्यांत ठेवली, असा मजकूर लिहीत. ह्या संग्रहाचे जे अवशेष आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहेत त्यांची संख्या तुकडे धरून ३०,००० हून अधिक भरते.

त्या कशा मिळाल्या हेंही थोडें सांगितलें पाहिजे. पहिला मोठा साठा हेन्री लेयार्ड ह्याला १८५० च्या सुमारास सन्हेरिबाच्या राजवाड्यांत सांपडला. दुसरा साठा १८५३ मध्यें हर्मुझ्द रस्साम ह्यानें शोधला. रस्साम हा मोसुलचाच राहणारा, तेथल्या प्राचीन ख्रिस्ती समाजांतला. ज्या जागेवर फ्रेंचांनीं हक्क सांगितला होता तेथें त्यानें रात्रीं गुपचुप खणून अशुरबानिपालाचा राजवाडा उघडकीस आणला. त्याचें नांव पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतें, ह्याचें वाईट वाटतें. त्या पाट्यांचे तुकडे जुळवीत बसलेला जॉर्ज स्मिथ हाही कोणी मोठ्या विद्यापीठाचा पदवीधर नव्हता; तो नोटांचे ठसे कोरण्याचें काम शिकलेला कारागीर. त्यानें ३ डिसेंबर १८७२ रोजीं लंडनच्या एका सभेंत जाहीर केलें कीं, ह्या पाट्यांत जलप्रलयाची, नौकेची व बाहेर सोडलेल्या पक्ष्यांची कथा आहे. नोहाच्या कथेशीं तिचें साम्य पाहून सारा युरोप चकित झाला. ती कथा गिल्गमेश ह्या राजाच्या महाकाव्याच्या अकराव्या पाटीवरची होती. अशुरबानिपालानें तें काव्य लिहवून ठेवलें नसतें तर आपल्याला तें कितपत कळलें असतें, ह्याची शंकाच आहे. हें ऋण मोठें आहे, आणि तें मान्य करण्यांत मी मुळींच कसूर करूं इच्छीत नाहीं.

परंतु ह्या संग्रहांत बहुतेक काय होतें? काव्यें व कथा थोड्या. सर्वांत मोठा भाग शकुनांचा : बळी दिलेल्या मेंढीच्या यकृतावरील खुणा, ग्रहणें, ग्रहांच्या गति, घरांत निघणाऱ्या मुंग्या, विचित्र जन्मलेलीं पिल्लें, ह्या सर्वांवरून राजाचें व राज्याचें भविष्य कसें काढावें ह्याचे कोश. त्याखालोखाल मंत्र, वैद्यक, स्तोत्रें आणि सुमेरी व अक्कदी शब्दांच्या याद्या. गांवच्या मुलांनीं येऊन वाचावें म्हणून हें ग्रंथालय नव्हतें. देवांच्या मनांत काय आहे हें शत्रूच्या आधीं राजाला कळावें म्हणून केलेला तो साठा होता. शस्त्रागाराच्या शेजारचें दुसरें शस्त्रागार म्हणा. ‘ग्रंथालय’ ह्या आपल्या शब्दामुळें डोळ्यांसमोर जें शांत चित्र उभें राहतें तें येथें लागू पडत नाहीं.

आणि तें भरलें कसें? इ. स. पू. ६५२ मध्यें बाबेलच्या गादीवरच्या भावानें बंड केलें. चार वर्षें युद्ध चाललें. बाबेलला वेढा पडला. त्या काळांतील खरेदीपत्रांवरही दुष्काळाची व धान्याच्या भयंकर महागाईची नोंद आढळते. इ. स. पू. ६४८ मध्यें नगर पडलें आणि शमश-शुम-उकीन आगींत जळून मेला. त्यानंतर लवकरच निनवेंत ग्रंथांची मोठी भर पडल्याच्या याद्या सांपडल्या आहेत. त्यांत सुमारे २,००० मातीच्या पाट्या व ३०० लाकडी पट्टिका मोजल्या आहेत, व त्यांतील पुष्कळ पंडितांच्या खासगी घरांतून आलेल्या आहेत. विद्वानांनीं त्या सर्व आपखुषीनें दिल्या असतील असें ज्यांना वाटतें त्यांनीं तसें खुशाल मानावें.

त्याच सुमाराची दुसरी एक नोंद माझ्या मनांतून जात नाहीं. बाबेलच्या मुलखांतील निप्पूर नगराच्या अधिकाऱ्याचा निनुर्त-गिमिल्ली नांवाचा मुलगा निनवेंत लिपिकारीच्या कामाला लावला होता. नोंदीचा आशय असा : ह्यानें ग्रंथमाला पुरी केली, ह्याला बेड्या घातल्या, ह्याची नेमणूक युवराजाच्या वाड्यांत झाली. एका दमांत तिन्ही गोष्टी. लिहिणाऱ्या कारकुनाला त्यांत विसंगत असें कांहींच दिसलें नाहीं. जगांतील पहिल्या मोठ्या ग्रंथालयाचें वर्णन करतांना ही नोंद प्रत्येक पुस्तकांत असावी, इतकाच माझा आग्रह आहे.

एलामची हकीकत ह्याहून भयंकर आहे, पण तींतही एक चांगला भाग आहे आणि तो मुद्दाम सांगतों. राज्याच्या आरंभीं एलामांत दुष्काळ पडला तेव्हां अशुरबानिपालानें तेथें धान्य पाठविलें, व पोट भरण्यासाठीं आपल्या मुलखांत आलेल्या एलामी लोकांना आसरा देऊन पुढें सुखरूप परत जाऊं दिलें, असें तो सांगतो. एलामची गादी तेउम्मान ह्यानें घेतली तेव्हां पूर्वीच्या राजाचे मुलगे निनवेस पळून आले. तेउम्माननें त्यांची मागणी केली, आणि अशुरबानिपालानें त्यांना परत देण्याचें साफ नाकारलें. शरणागताला न टाकणारा राजा म्हणून हें वर्तन कोणालाही शोभेल. ह्यावरूनच युद्ध पेटलें, आणि इ. स. पू. ६५३ च्या सुमारास उलाय नदीच्या कांठीं तेउम्मान मारला गेला. त्याचें शिर कापून निनवेस आणलें.

ह्याच्या पुढें राजाचा पाय कोठेंच थांबला नाहीं. बाबेलच्या बंडाला एलामनें साहाय्य केलें होतें, त्याचा सूड म्हणून इ. स. पू. ६४७-६४६ च्या सुमारास शूशन नगर लुटलें. तेथलें उंच देवालय पाडलें, देवांच्या मूर्ति वाहून नेल्या, देवराईंत सैनिक घुसवून तिला आग लावली. राजांच्या कबरी उघडून अस्थि अश्शूरला नेल्या, हेतु हा कीं मेलेल्यांनाही विसांवा मिळूं नये. शेतांवर मीठ पेरलें. आपल्याकडे गांव उजाड केल्याच्या वर्णनांत गाढवाचा नांगर फिरविला असें म्हणतात. अशुरबानिपाल तर अभिमानानें लिहवितो कीं, एलामच्या रानांत मनुष्याचा व गुरांचा शब्द उरला नाहीं, तेथें रानगाढवें व हरणें चरूं लागलीं. दुसऱ्या एका प्रसंगीं बंडखोर अधिकाऱ्याच्या मुलांकडून निनवेच्या वेशींत त्यांच्या बापाचीं हाडें वांटून घेतलीं, आणि तें दृश्य दगडावर कोरवून ठेवलें.

ह्यावर नेहमीं दोन उत्तरें देण्यांत येतात. पहिलें, हे लेख म्हणजे राजाच्या बढाया आहेत, घडलें असेल त्याहून फुगवून सांगितलें असेल. असेल. परंतु माणसाला बढाई कशाची मारावीशी वाटते ह्यावरूनही तो कळतो. आपल्या रोजच्या वावरण्याच्या दालनांच्या भिंतींवर कोणतीं चित्रें असावीं हें ठरविण्याची त्याला पूर्ण मोकळीक होती, आणि त्यानें हीं निवडलीं.

दुसरें उत्तर, त्या काळची रीतच तशी होती. हें उत्तर आपल्या तोंडांत फार लवकर येतें. सन्हेरिबानें इ. स. पू. ६८९ मध्यें बाबेल जमीनदोस्त केलें हें खरें. पण त्याच सन्हेरिबाच्या मुलानें, म्हणजे अशुरबानिपालाच्या बापानें, तें नगर पुन्हां बांधावयास घेतलें, आणि मर्दुक देवाची नेलेली मूर्ति बाबेलला परत पोंचविण्याचा मान खुद्द अशुरबानिपालालाच मिळाला. काळ एकच, घराणें एकच, शत्रूही एकच. एलामला धान्य पाठविणारा हातही ह्याचाच. दया म्हणजे काय हें त्याला ठाऊक नव्हतें असें म्हणण्यास जागा राहत नाहीं. काळावर ढकलून आपण त्याला सोडवीत नाहीं. त्यानें स्वतः केलेली निवड मात्र नजरेआड करतों.

मग त्याची विद्या खोटी होती कीं काय? कित्येक वक्ते असा सोपा निष्कर्ष काढतात. तो मला मान्य नाहीं. त्याची विद्या खरी होती, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. मुलगा शिकला म्हणजे आपोआप सुधारेल असें आपण पालक धरून चालतों. वर्गांत पहिला आला कीं त्याच्या वागणुकीची चौकशी करण्याचें कारण उरत नाहीं. अशुरबानिपालाचा वर्गांतला क्रमांक पहिलाच आला असता. त्याच्या घरांत गिल्गमेशाचें काव्य होतें. अफाट बळाचा एक उद्दाम राजा आपल्या जिवलग मित्राच्या मरणानें हादरून जातो, अमरत्व शोधीत पृथ्वीच्या टोंकापर्यंत जातो, आणि रिकाम्या हातीं आपल्या नगराच्या तटापाशीं परत येतो, अशी ती कथा. तिच्या प्रती त्यानें करविल्या, जपल्या. पण विद्या म्हणजे आपल्या मालकीची वस्तु, लूट म्हणून आणतां येते तशी, असेंच जो मानतो त्याला पाटीवरचें अक्षर न् अक्षर येऊनही पाटी त्याच्याशीं बोलत नाहीं. त्याचें शिक्षण अपुरें होतें असें नव्हे. तें कोणासाठीं आहे हा प्रश्न त्याला कोणी विचारला नाहीं, आणि राजाला विचारणार तरी कोण? बलासीसारखे गुरु पत्रांतून ग्रहणांचे अर्थ सांगत, आणि बहुतेक वेळीं राजाला बरें वाटेल असेच सांगत.

राजनीतीच्या दृष्टीनेंही ह्या पराक्रमांचें फळ काय? मिसर त्याच्या हयातींतच हातचें गेलें. एलाम मोडलें, पण पूर्वेकडून येणाऱ्या मेदी लोकांच्या आड उभी असलेली एक भिंतही त्याबरोबर पडली, असें मला वाटतें. एका लेखांत राजा तक्रार करतो कीं, मीं देवांचें व माणसांचें, मेलेल्यांचें व जिवंतांचें भलें केलें, मग मला हें आजारपण, हें दुःख, देशांत बेबनाव व घरांत कलह कां? तो वाचतांना दया येते, आणि शूशनच्या उघड्या कबरी आठवतात. इ. स. पू. ६३१ च्या सुमारास तो वारला. इ. स. पू. ६१२ मध्यें मेदी व बाबेलच्या सैन्यांनीं निनवे जाळलें. त्या आगींत लाकडी पट्टिका राख झाल्या. मातीच्या पाट्या ढासळलेल्या भिंतींखालीं गाडल्या गेल्या, कित्येक भाजून अधिक पक्क्या झाल्या, म्हणूनच त्या आपल्या हातीं लागल्या. दोनशें वर्षांनीं, इ. स. पू. ४०१ मध्यें, झेनोफन हा ग्रीक सेनानी त्या ओसाड तटाजवळून गेला. तेथें पूर्वीं मेदी लोक राहत असत, एवढेंच त्याच्या कानांवर आलें. ग्रीक कथाकारांनीं तर ‘सार्दनापालस’ नांवाचा एक ऐषारामी, बायकी, स्वतःला जाळून घेणारा राजा रचला. त्यांत अशुरबानिपालाचें नांव व त्याच्या भावाचें मरण ह्यांची खिचडी झालेली दिसते. त्यावरून १८२१ मध्यें बायरननें नाटक लिहिलें. ग्रंथप्रेमी राजाची ग्रंथांतून अशी संभावना व्हावी, हा दैवाचा विनोदच.

मुंबईचा ह्या कथेशीं थोडा संबंध आहे. लेयार्डनें १८४० नंतरच्या दशकांत निम्रूद येथें खणून काढलेल्या मूर्ति बसऱ्याहून मुंबईमार्गें लंडनला गेल्या. येथें कांहीं पेट्या उघडल्या गेल्या, लोकांनीं त्यांतील वस्तु पाहिल्या, आणि पुन्हां भरतांना बरीच उलथापालथ झाली. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत अश्शूरचीं कांहीं शिल्पें आजही आहेत. तीं अशुरबानिपालाच्या पूर्वींचीं, निम्रूदच्या राजवाड्यांतलीं. तरी त्या दरबाराची धाटणी त्यांवरून कळते. २०१५ मध्यें मोसुलच्या संग्रहालयांतील मूर्ति व निम्रूदचा राजवाडा धर्मांध टोळ्यांनीं फोडून टाकल्यापासून अशा उरलेल्या शिल्पांचें मोल वाढलें आहे. पालकांनीं सुटींत मुलांना तेथें अवश्य न्यावें.

आणि वक्तृत्वाच्या चढाओढीसाठीं ‘विद्वान् राजा’ हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ब्रिटिश म्युझियममधील एका शिल्पाचें छायाचित्र आधीं नीट पाहावें. राजवाड्याची बाग आहे. द्राक्षाच्या वेलीखालीं अशुरबानिपाल मंचकावर टेकून प्याला ओठांशीं नेत आहे. समोर उंच आसनावर राणी, तीच लिब्बाली-शर्रात, जिला नणंदेनें धड्याची आठवण दिली होती; तिच्याही हातांत प्याला आहे. दासी पंखे वारीत आहेत, वादक वीणा वाजवीत आहे, झाडांवर पक्षी बसले आहेत. सारें इतकें निवांत आहे कीं डाव्या बाजूच्या झाडाकडे लक्ष जावयास थोडा वेळ लागतो. त्याच्या फांदीला तेउम्मानचें शिर टांगलेलें आहे.